दोन पट्ट्यांचं पाखरू

पक्षी बघायला काय काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, डोळे लागतात आणि गप्प बसायची सवय लागते. डोळे बहुतेकांकडे असतात. दुसरी गोष्ट दुकानात मिळत नाही, म्हणून माणसं तिच्याऐवजी बाकीचं सगळं दुकान उचलून आणतात.

सांगलीच्या आमच्या पक्षीमित्र मंडळीकडे बघितलं की हे पटतं. ‘आमच्या’ म्हणायचं ते एवढ्यासाठीच की त्यांच्याकडे जीप आहे, आणि मी कराडात राहते. साठी उलटलेल्या बाईला एकटीला दुष्काळी माळावर कोण घेऊन जाणार? मंडळीचे म्होरके एक हळदीचे व्यापारी आहेत. त्यांना मी इथं हळदवालेच म्हणते. जैन माणूस, फार सज्जन, कांदा-लसूण वर्ज्य, वाटेतली मुंगीसुद्धा चुकवून पाऊल टाकणार. पण एकदा कॅमेरा हातात आला की एखाद्या चंडोलाच्या मागं हा माणूस असा लागतो, की त्या बिचाऱ्याला वाटावं आज आपली भाजी होणार.

त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स आमच्या घरच्या कळशीएवढी आहे. तिला ऊन-वारा लागू नये म्हणून झाडपाल्याच्या नक्षीचा अंगरखा शिवलेला. नक्षी कुठल्या तरी परदेशी जंगलाची, मोठाल्या हिरव्यागार पानांची. माण तालुक्यातल्या पिवळ्या कुसळी गवतात ती लेन्स कोसावरून उठून दिसते. खाली तीन पायांचा स्टँड. स्टँड नसेल तेव्हा लेन्स टेकवायला एक जाड पिशवी, तिला बीन बॅग म्हणतात. मी एकदा कुतूहलानं विचारलं, आत काय भरलंय? ते म्हणाले, “हुलगे ओ ताई.” म्हणजे एवढी इंग्रजी पिशवी आणि आत हुलगे. घरी हुलग्याचं माडगं करून प्यायले असते तर गुडघ्यांना तरी बरं वाटलं असतं.

बाकीच्यांचंही काही कमी नाही. जाकिटाला खिसेच खिसे, आणि ऐन वेळेला पेन कुठल्या खिशात आहे ते सापडत नाही. मानेमागं पदर सोडलेल्या टोप्या. अंतर मोजायचं एक यंत्र. पाखरू किती मीटरवर बसलंय ते त्यात कळतं, आणि ते कळेपर्यंत पाखरू तिथं नसतं. एका गृहस्थांनी तर जळवांचे मोजे आणले होते. पावसाळी रानात जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत घालायचे असतात ते. हे घालून ते आले कुठं, तर म्हसवडच्या बाजूला, जिथं पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात माणसांचा जन्म जातो. तिथं जळू दिसली असती तर लोकांनी तिची पूजा केली असती.

माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तोंडावर मी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि माघारी सुभेदार म्हणते. मंडळीची जीप पहिल्यांदा मला न्यायला कराडला आली, तेव्हा सुभेदार दारात दाढी करत होते. जीपमधून एकेक जण उतरला. डोक्यापासून पायापर्यंत सगळे फौजी रंगाच्या चट्ट्यापट्ट्याच्या कपड्यांत. सुभेदारांनी वस्तरा खाली ठेवला.

“ही कुठली पलटण गं?”

“पलटण कुठली, पक्षी बघणारे आहेत ते.”

सुभेदारांनी त्यांना एकेक करून मोजलं. मग म्हणाले, “पाखरांनी काय केलंय ह्यांचं?” आणि पुन्हा दाढीला लागले.

माझं पक्षी बघणं कुठल्याही रम्य जागी सुरू झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. कारखान्याच्या मागं मळीच्या सांडपाण्याचं तळं होतं. त्याचा वास असा, की नवीन माणूस तिकडं गेला की दुपारचा डबा तसाच परत नेई. त्यामुळं तिथं शांतता असे. डब्याच्या सुट्टीत मी नाकाला पदर लावून तिथं जायची, कारण तांबड्या लांब पायांच्या शेकाट्या त्या काळ्या पाण्यात अशा तोऱ्यात चालायच्या, की जशी ही जागा त्यांच्या माहेरची. त्यांना वास येत नव्हता आणि मला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. पुढं सांगलीत एका चष्मेवाल्याच्या कपाटात जुनी दुर्बीण दिसली, ती घेतली. रबर झिजलेलं, पण भिंगं स्वच्छ. तिचा पट्टा तुटला तेव्हा सुभेदारांनी आपल्या जुन्या किटबॅगेचा पट्टा कापून जाड दोऱ्यानं शिवून दिला. माझी सामग्री एवढीच. बसायला एक गोणपाट, तोही कारखान्याचा.

आणि हात. माझ्या हातांबद्दल मला गर्व होता, तो मी लपवत नाही. प्रयोगशाळेत थेंब थेंब सोडून तपासणी करायची असते. ज्या थेंबाला रंग बदलतो त्याच थेंबाला थांबायचं. एक जास्त पडला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. गळिताच्या हंगामात, नमुन्यांची रांग लागलेली असताना, माझा थेंब कधी चुकला नाही. आमचे साहेब अवघड नमुना आला की म्हणायचे, “हा त्या बाईंकडं द्या.” दुर्बिणीलाही असेच हात लागतात. दुर्बीण पाखरू जवळ आणते, तसा आपला हातही मोठा करून दाखवते. बोटभर हललं तर आत सगळं आभाळ हलतं. म्हणून बाकीचे स्टँड लावायचे आणि मी मनात म्हणायची, स्वतःचे हात ह्यांना दिलेत कशाला देवानं? मनात कशाला, तोंडावरही म्हणायची. हळदवाल्यांना एकदा सरळच म्हटलं, “तुम्हाला उभं राहायला पाच पाय लागतात. मला दोन पुरतात.” ते हसले. सज्जन माणूस, म्हटलं ना.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दुर्बिणीतलं चित्र थरथरायला लागलं.

मला वाटलं दुर्बीण बिघडली. जुनी वस्तू, एखादा स्क्रू ढिला झाला असेल. मी ती घेऊन एसटीनं सांगलीला चष्मेवाल्याकडं गेले आणि त्याला चार शब्द सुनावले. त्यानं ती उघडली, पुसली, स्वतः डोळ्याला लावून दारातून समोरच्या इमारतीकडं बघितलं. म्हणाला, “बाई, ही अजून पंचवीस वर्षं हलणार नाही.” मग त्यानं ती माझ्या हातात दिली आणि माझ्या हाताकडं बघितलं. दुकानदारानं बोलायच्या वेळेला नेमकं गप्प बसावं, याचा मला फार राग आला.

डॉक्टरकडं मी एकटीच गेले. कराडच्या त्या डॉक्टरनं मला हात पुढं करायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं, कागदावर एक गोल काढायला लावला. माझा गोल वडापावच्या वड्यासारखा आला. तो म्हणाला, वयाचा हातकंप आहे, हळूहळू वाढत जाईल, जिवाला काही धोका नाही. किती थोर मनाचा माणूस! जिवाचं मी विचारलंच नव्हतं. जिवाचं काय करायचंय मला, आयुष्यभर ज्या एका गोष्टीत मन रमलं ती हातातून चाललेली असताना? हे मी त्याला म्हटलं नाही. त्यानं चहा कमी करा म्हणून सांगितलं आणि मी घरी येऊन चहा मागितला.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. सुभेदारांना तर मुळीच नाही. ह्या माणसानं बर्फात, गोळीबारात दिवस काढलेत, त्याच्यापुढं मी काय गाऱ्हाणं मांडू, की माझं पाखरू थरथरतंय?

आमच्याकडं सकाळचा चहा सुभेदार करतात. फौजेची सवय, पाचला उठून स्टोव्ह पेटवायचा. आता गॅस आहे, पण ते अजून स्टोव्हच म्हणतात. दिवाळीपासून ते मला अर्धाच कप चहा द्यायला लागले. पुन्हा मागितला की पुन्हा अर्धा. मी म्हटलं, “अहो, दूध महागलं काय एवढं? कॅन्टीनचा कोटा ठरवून दिलाय की काय मला?” ते म्हणाले, “थंडीचा गार होतो भरल्याला कप.” मी म्हटलं, म्हातारपणी चिक्कूपणा सुरू झाला.

आता त्या पाखराबद्दल.

सुभेदार लडाखला होते तेव्हा त्यांच्या पोस्टच्या खाली एक तळं होतं. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की तिथं करडे हंस उतरायचे. डोकं पांढरं आणि त्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, एकाखाली एक. मराठीत त्याला पट्टकदंब म्हणतात, पण पोस्टवर कुणाला हे नाव ठाऊक असणार? फौजेत दंडावर दोन पट्ट्या म्हणजे नाईक. म्हणून जवान त्या पाखराला नाईक म्हणायचे. तळ्यावर थवा उतरला की पहाऱ्यावरचा संत्री ओरडायचा, “नाईकसाब आ गये!” सुभेदार तेव्हा स्वतः लान्सनाईक होते, एका पट्टीचे. ते म्हणायचे, ते बदक आमच्यापेक्षा सीनियर होतं. त्यांना हंस काय नि बदक काय, पाण्यात दिसलं की बदक.

सुट्टीवर आल्यावर त्यांनी मला फौजेबद्दल फार थोडं सांगितलं. कोण गेलं, कोण कसा गेला, ते कधीच नाही. पण ह्या पाखराबद्दल मात्र दर सुट्टीला सांगितलं. ते कसं डोकं वळवतं, पिल्लं पाण्यात आपल्या मागं रांगेनं कशी नेतं, आणि हे सगळं पहाऱ्यावर दुर्बिणीतून बघताना थंडीचा कसा विसर पडतो. माझ्या नवऱ्याची तिकडची वर्षं मला दुसरीकडून कुठूनच दिसणार नव्हती. म्हणून तो पक्षी मला बघायचा होता. पुस्तकातल्या चित्रात नव्हे.

हेच हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात आणि म्हसवडजवळच्या तलावावर उतरतात. नोकरी सुटल्यापासून मी दर हिवाळ्यात तिकडं गेले. कधी ते आदल्या दिवशी उडून गेलेले असायचे, कधी तलाव आटलेला असायचा. एकदा दिसले, पण धुक्यात नुसत्या आकृत्या. पट्टे काही दिसले नाहीत.

ह्या वर्षी हळदवाल्यांचा फोन आला, “ताई, आलेत ओ. भरपूर आलेत. रविवारी या.”

मी हो म्हटलं. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला हात टेकून उभी राहिले. दुर्बीण उचलून खिडकीतून समोरच्या तारेवरच्या कोतवाल पक्ष्याकडं बघितलं. तारेवर तीन कोतवाल दिसले, म्हणजे एकच होता. मला रडू आलं. भीतीच वाटली मला, ती वेगळ्या शब्दांत कशाला सांगू? ह्या वेळी समोर असूनही दिसला नाही, तर पुढच्या वर्षी हात ह्याहून वाईट असणार होते.

रविवारी निघताना सुभेदार बूट घालून तयार. आजवर ते कधी माझ्याबरोबर आले नव्हते.

“तुम्ही कुठं?”

“येतो की. माज्या पलटनीची बदकं हायत ती. तू एकटीच बघनार व्हय?”

मला वाटलं, जीपवाल्यांच्या नाश्त्यावर डोळा आहे.

आम्ही पहिल्या एसटीनं विट्याला गेलो आणि तिथं सांगलीहून आलेल्या जीपमध्ये बसलो. सुभेदार पांढरा शर्ट, करडी विजार आणि काखेत थर्मास अशा वेषात, बाकी सगळे जंगल होऊन बसलेले. जीपमध्ये स्टँड इतके होते की पाय ठेवायला जागा नव्हती. एका स्टँडचा पाय सुभेदारांच्या बरगडीत टोचत होता. त्यांनी तो पाय उचलून हळदवाल्यांच्या मांडीवर ठेवला.

मायणीच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पिळदार मिशी, ताठ पाठ. आमच्या भागात अशी पाठ दिसली की पेन्शन कुठली ते विचारावं लागत नाही. जीपमधून चट्ट्यापट्ट्याच्या कपड्यांतली मंडळी उतरली आणि सगळ्यांत पुढं हळदवाले, खांद्यावर अंगरखा घातलेली ती लांबलचक लेन्स. आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात लोकांनी एवढंच म्हटलं असतं, की फोटोवाले आले. आमच्याकडं घरटी एक जण फौजेत. म्हातारबाबा खाडकन उठले, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. “राम राम साब! कंची युनिट?”

हळदवाले गांगरले. आयुष्यात त्यांना सॅल्यूट कुणी केला असेल तर बँकेच्या वॉचमननं. उजवा हात लेन्सखाली अडकलेला, म्हणून त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि मान लववून म्हणाले, “जय जिनेंद्र.”

डाव्या हाताचा सॅल्यूट बघून सुभेदारांचा चेहरा असा झाला, जणू कुणी झेंडा उलटा लावलाय. ते पुढं गेले, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “बसा अण्णा. फौज न्हवं ही. पाखरं बघाय आल्यात.”

म्हातारबाबांनी सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग लपत्यात कुनापासनं?”

चहा पिऊन निघालो. म्हातारबाबांनी आमच्यापैकी एकालाच निरोपाचा सॅल्यूट केला, पांढऱ्या शर्टवाल्याला. तो मात्र बरोबर परतवला गेला.

पुढं माळावर बाभळी दिसल्या तशी जीप पुन्हा थांबली. एकानं खिशातून स्पीकर काढला. मोबाईलवर तित्तराचा आवाज लावायचा, म्हणजे खरा तित्तर आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून चवताळून बाहेर येतो. एखाद्याच्या दारात जाऊन त्याच्याच आवाजात शिव्या द्यायच्या आणि तो बाहेर आला की फोटो काढायचा, ह्याला छंद म्हणतात. आवाज लावला. पलीकडच्या बाभळीतून लगेच उत्तर आलं. मंडळी हरखली. स्टँड उघडले, लेन्सा ताणल्या. इकडून आवाज, तिकडून आवाज, बराच वेळ चाललं. दोन्ही बाजू तापत गेल्या. शेवटी बाभळीमागून एक माणूस चोरपावलांनी बाहेर आला, तोही चट्ट्यापट्ट्यातला, हातात त्याचाही स्पीकर. पुण्याहून दुसरी एक मंडळी आली होती. अर्धा तास दोन मोबाईल एकमेकांना आव्हान देत होते आणि खरा तित्तर तालुका सोडून गेला असणार. मी इतकी हसले की सुभेदारांना पाठीवर थोपटावं लागलं.

ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, धुकं नव्हतं, वारा नव्हता. मला कारण सापडावं असं काहीच नव्हतं. बांधाला दगडी पायऱ्यांसारखं पिचिंग आहे, त्यावर आम्ही उतरलो. अलीकडं चक्रवाकांची जोडपी, आणि लांब, पाण्यात शिरलेल्या चिखलाच्या पट्टीवर, करडे हंस. शेकड्यांनी असतील. उघड्या डोळ्यांना ते दाणे टाकल्यासारखे दिसत होते.

मी गोणपाट टाकून दगडावर बसले आणि दुर्बीण लावली.

करडं काहीतरी वरखाली झालं. कोपरं बरगड्यांना दाबून धरली. कोपरं गुडघ्यांवर टेकवली. दात आवळले. पांढरं डोकं आहे एवढं कळत होतं, पण ते डोकं एका जागी थांबेना, आणि पट्टे म्हणजे नुसती काळपट रेघ, कधी एक, कधी चार. मी दुर्बीण काढली, डोळे पुसले, पुन्हा लावली. पुन्हा तेच. शेजारी मंडळी आनंदानं चीत्कारत होती.

“ताई, दिसले काय?” हळदवाल्यांनी विचारलं. “काय पट्टे आहेत ओ, काजळानं ओढल्यागत!”

“दिसले,” मी म्हटलं.

त्यांच्याकडं त्या दिवशी स्टँडवर एक मोठी एकडोळी दुर्बीणही होती. तिच्या डोळ्यालाच त्यांनी मोबाईल अडकवला होता आणि सगळी मंडळी मोबाईलच्या पडद्यावर हंस बघत होती. ते म्हणाले, “इकडं या की ताई, मोबाईलवर एकदम मोठं दिसतंय.” चांगल्या मनानं म्हणाले. पण मला संताप आला. पडद्यावरच बघायचं तर पहाटेची एसटी कशाला धरली असती? आणि दुसरंही एक होतं. मी त्या तीन पायांपाशी जाऊन उभी राहिले असते, तर ‘मला दोन पुरतात’ हे सगळ्यांना आठवलं असतं. कुणी बोललं नसतं, म्हणून ते जास्त लागलं असतं. “मला इथून छान दिसतंय,” मी म्हटलं. आणि मनात ठरवलं, ही दुर्बीण आता घरी जाऊन पेटीत घालायची, पुन्हा काढायची नाही. मी पट्टा गळ्यातून काढायला लागले.

सुभेदारांनी थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा वाटला. एक कप माझ्यापुढं धरला. अर्धा.

मी कप हातात घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. आजूबाजूला सगळ्यांना त्यांनी काठोकाठ भरून दिला होता. दूध महागलं नव्हतं. चहा गार होत नव्हता.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?” मी हळू विचारलं.

“साडीवर सांडाय लागला तुज्या, तवापासनं.”

“बोलला का नाहीत?”

“तू बोललीस व्हय?” ते म्हणाले. मग माझ्या हातातून कप काढून दगडावर ठेवला, एक पायरी खाली उतरले आणि माझ्यापुढं, माझ्याकडं पाठ करून, मांडी घालून बसले. त्यांचा उजवा खांदा बरोबर माझ्या हनुवटीसमोर आला.

“ठेव.”

“काय?”

“दुर्बीन. खांद्यावर ठेव. दगडागत बसतो, बघ.”

“अहो, लोक बघतायत.”

“बघंनात. बघाय तर आल्यात.”

खरंच बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत मी ह्या माणसाच्या हाताला हात लावलेला नाही. आमच्याकडं तशी रीतच नाही. आता भर उन्हात, सांगलीच्या निम्म्या मंडळीसमोर, मी त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्यावर दुर्बीण ठेवली. कानामागं साबणाचा वास येत होता. चित्र बरंच थांबलं, पण पुरतं नाही. ते लयीत वरखाली होत होतं.

“हलतंय अजून,” मी म्हटलं.

“माजा श्वास हाय त्यो. थांब. फायर करताना धरतो तसा धरतो.”

त्यांची पाठ भरून आली आणि थांबली. आणि दुर्बिणीत सगळं थांबलं. चिखलाची ओली कड, पिवळे पाय, करडी पाठ. एका हंसानं मान उचलली आणि डोकं सावकाश वळवलं. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. एकाखाली एक. जसे दर सुट्टीला सांगितले होते, अगदी तसे.

मग त्यांचा श्वास सुटला, ते खोकले, आणि तलाव पुन्हा थरथरला.

“दिसला का नाईक?” मागं न बघता त्यांनी विचारलं.

दोन्ही पट्टे मला स्वच्छ दिसले होते.

“नाही,” मी म्हटलं. “परत एकदा धरा श्वास.”